सातवी कॉइल

माझा धाकटा भाऊ श्रीपाद साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये एकतीस हंगाम नोकरीला होता. मिल हाऊस म्हणजे ऊस साखळीवरून येतो, सुऱ्यांखाली कुटला जातो आणि लोखंडी रोलरमध्ये चिरडला जातो ती जागा. तिथे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हातवारे करतात. कानात घालायला बोळे मिळत. श्रीपाद ते खिशात ठेवायचा. "बोळे घातले की बेअरिंगचं दुखणं कळत नाही," म्हणायचा. खोटं नव्हतं ते. घरी जेवताना मध्येच सांगायचा, "तिसऱ्या मिलचा आवाज बदललाय," आणि दोन दिवसांत ती मिल खरोखरच बंद पडायची. स्वतःच्या कानांवर इतका विश्वास असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या विश्वासानेच त्याचा घात केला, हे आत्ताच सांगून टाकते. उत्सुकता ताणून धरायला मला या वयात वेळ नाही.

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एक आवाज.

१९७८ साली इंदापूरला गणपतीत, शाळेच्या मैदानावर, सोलापूरकडची एक ऑर्केस्ट्रा पार्टी आली होती. वडील तेव्हा इंदापूरला पोस्टमास्तर होते. मी नुकतीच एम.एस्सी. होऊन बारामतीला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले होते. श्रीपाद एकोणीस वर्षांचा. निवेदकाला घोटभर पाणी प्यायचं होतं म्हणून की काय, मागच्या रांगेतल्या एका हडकुळ्या गिटारवाल्याने एकट्याने तीन-चार मिनिटं काहीतरी वाजवलं. कुठलं गाणं नव्हतं. यमनाच्या आसपास फिरत होता. पण आवाज! प्रत्येक स्वराला आधी बोटाचा स्पष्ट ठोका, लगेच त्याच्यामागे भरलेला, किंचित घोगरा गाभा, आणि विरता विरता तो घोगरेपणा निवळत जायचा. शेजारी बसलेल्या माणसाने आपल्याशीच बोलावं तसं. सेहेचाळीस वर्षं झाली, तरी वर्णन करताना मी अडखळत नाही, कारण श्रीपादच्या शेजारी त्याच सतरंजीवर मी बसले होते. आमच्या घरात त्या आवाजाला साक्षीदार आम्ही दोघंच.

तीन वर्षांनी श्रीपादने कलकत्त्याला बनलेली एक लाल गिटार घेतली आणि तेव्हापासून तो इंदापूरचा आवाज शोधत राहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडाच्या पोटातून येत नाही. तारांच्या खाली एक चपटी पट्टी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्या आत लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची तार थरथरली की खालच्या कॉइलमध्ये किंचित वीज उठते आणि ती भोंग्याकडे, म्हणजे स्पीकरकडे, जाते. वेढे वाढवले की आवाज जाड होतो, कमी केले की धारदार, फारच कमी केले की किरटा. तार किती ताणून गुंडाळली यानेही फरक पडतो. गिटार तीच, बोटं तीच, पण पिकअप बदलला की आवाज भलत्याच माणसाचा.

तर श्रीपाद पिकअप बदलायचा. हंगाम संपला, कारखाना थांबला, की टेबलावर गिटार उताणी पडायची. एक पिकअप मुंबईहून मागवलेला, एक कुणाच्या तरी भाच्याने दुबईहून आणलेला, एक पुण्यातल्या मोडलेल्या बँडकडून मिळवलेला जपानी. 'नीरा-तरंग' नावाच्या बारामतीच्या ऑर्केस्ट्रात तो पंधरा वर्षं वाजवत होता. लग्नं, जत्रा, गणपती. लोक टाळ्या वाजवायचे, आणि घरी येऊन हा पिकअप काढायला बसायचा. "जवळ आलंय ताई, पण ते नाही."

त्याची बायको आसावरी एकदा म्हणाली, "आम्ही ब्लाउजला मॅचिंग शोधतो म्हणून हसता ना? आमचं निदान चार दुकानांत मिळतं."

पुढे डीजे आले, ऑर्केस्ट्रा बंद पडला, श्रीपाद निवृत्त झाला. मागच्या जानेवारीत 'नीरा-तरंग'च्या उरलेल्या मंडळींनी ठरवलं, की ऑगस्टमध्ये एका मंगल कार्यालयात जमायचं आणि प्रत्येकाने एकेक चीज सादर करायची. श्रीपाद माझ्याकडे आला. चहाला नको म्हणाला. उभ्याउभ्याच सांगितलं, "मी ते इंदापूरचं वाजवणार. त्या आवाजात. एकदा तरी."

"सात महिने आहेत," मी म्हटलं. "चाळीस वर्षांत जमलं नाही ते?"

"म्हणून तर," तो म्हणाला.

वरकुट्याला आमची वडिलांनी घेतलेली दोन एकर जमीन आहे. फेब्रुवारीत तिथली बोअरची मोटर जळाली. श्रीपाद ती गाडीत घालून कळसला सावळारामच्या दुकानात घेऊन गेला. सावळाराम म्हणजे साठीचा माणूस, मोटर रिवायंडिंग करणारा. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी भरायची. आसपासच्या निम्म्या विहिरी त्याच्या हातच्या. गाडीच्या मागच्या सीटवर गिटार होती. सावळारामने काचेतून डोकावून पाहिलं.

"साहेब, ह्यात बी वायंडिंग असतंय म्हनत्यात. खरं हाय का?"

श्रीपादला असा प्रश्न विचारणारा माणूस चाळीस वर्षांत भेटला नव्हता. त्याने तिथेच पाट्या उचकटून पिकअप काढून दाखवला. सावळारामने भिंग लावलं, उलटापालटा केला, आणि म्हणाला, "आपलीच मोटर हाय की ही. फिरत न्हाय एवढंच."

त्या दिवसापासून श्रीपादच्या कळसला खेपा सुरू झाल्या. एवढी बारीक तार पुण्याला तपकीर गल्लीत मिळाली. पहिली कॉइल सावळारामने मोटरच्या सवयीने व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत ठेवली; खालची प्लॅस्टिकची चौकट वितळून तिचा पापड झाला. दुसरीची तार तीन हजार वेढ्यांवर तुटली. तिसरीत गिटारीऐवजी दुकानातल्या ट्यूबलाइटची घुंई ऐकू यायची. चौथी, पाचवी बरी निघाली. सहावी ऐकून मीसुद्धा मान वर केली.

"न्हाय ना?" सावळारामने विचारलं.

"नाही. पण त्या गल्लीत आलोय," श्रीपाद म्हणाला.

सावळारामची बायको लीलाबाई दुपारी दुकानात बसून स्टार्टरच्या बारक्या कॉइली गुंडाळायची. तिचं मत स्पष्ट होतं. "ह्यांच्या हातात ही तार कशी टिकंल? ह्यांच्या हातात कुदळीचा दांडा टिकत न्हाय."

"मग तूच कर की," सावळाराम म्हणाला. "लई शानी."

तो एका शेतावर विहिरीतला पंप काढायला गेला असताना तिने खरंच केली. सातवी. एका बैठकीत, बाजारला जायच्या आधी, जपानी पिकअपचं चुंबक घेऊन. गुंडाळायच्या यंत्राला वेढे मोजणारा काटा असतो. तो आधी शून्यावर आणायचा असतो, तो आणायचं ती विसरली. "हाताला भरल्यावानी वाटलं तवा थांबले," असं तिने नंतर सांगितलं.

मे महिन्यातल्या एका सकाळी श्रीपादने ती कॉइल बसवली. मी तिथेच होते. त्याची नात अबोली, पुण्याला इंजिनिअरिंग करते ती, सुट्टीला आली होती आणि फोनवर आजोबांचं रेकॉर्डिंग करत होती. आसावरी आणि मी भाजी निवडत होतो. श्रीपादने भोंगा चालू केला आणि वाजवायला सुरुवात केली.

पहिल्या स्वराला माझे हात थांबले. ठोका, गाभा, मग ते निवळत जाणं. मी बहात्तर वर्षांची बाई, भावनाप्रधान वगैरे अजिबात नाही, पण मला सतरंजीचा खरखरीतपणा पायांना जाणवला. आसावरीसुद्धा भाजी सोडून बघायला लागली. वाजवून झाल्यावर श्रीपादने मान हलवली.

"डल आहे. धुकं बसल्यासारखं."

"श्रीपाद, हाच तो," मी म्हटलं.

"कुठला हाच? ठोका कुठाय?"

"प्रत्येक स्वराला आहे."

"ताई, काहीतरी बोलू नकोस. नुसता गाभा आहे. ठोकाच नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ठोका हा आवाजातला सगळ्यात वरचा, बारीक भाग. म्हातारपणी आधी तोच ऐकू येईनासा होतो, आणि ज्याने तीस वर्षं मिल हाऊसमध्ये काढली त्याचा तर केव्हाच गेलेला असतो. आसावरी दहा वर्षं त्याच्याशी मोठ्याने बोलत होती. दाराची बेल त्याला ऐकू येत नव्हती, तेव्हा तो बेल बिघडली म्हणायचा. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिसऱ्या मिलचं बेअरिंग ओळखणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं? मी सांगितलं. जसं मला सांगता येतं तसं.

"तू बहिरा झालायस. ठोका आहे, तुला तो ऐकू येत नाही. कान तपासून घे आणि त्या कॉइलला हात लावू नकोस."

अबोलीने फोन खाली ठेवला. श्रीपादने भोंगा बंद केला. "लहानपणापासून हेच," तो शांतपणे म्हणाला. "मला काही आवडलं की ते कसं चूक आहे हे तुला आधी कळतं. तुझ्यापेक्षा जास्त आवाज ऐकलेत मी. पुस्तकातले नाही."

"पुस्तकात तुझ्या कानांचाच धडा आहे," मी म्हटलं. हे बोलायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो कॉइल घेऊन कळसला निघाला, तेव्हा मी गाडीत जाऊन बसले. वाटेत त्याला पटवायचं ठरवलं होतं. मला पटवता येत नाही, सुनावता येतं. भिगवण रस्त्याला वळेपर्यंत आमचं बोलणं संपलं होतं.

दुकानात पोचल्यावर त्याने पिकअप सावळारामच्या हातात दिला. "खराब झालीय ही. आवाज मंद आहे. वेढे कमी करून नवी भरा."

"बरं," सावळाराम म्हणाला. "लीले, चा टाक."

इथे त्या धंद्याची एक रीत सांगितली पाहिजे. दुकानात आलेली कॉइल आधी कापायची, मग बोलायचं. शेतकरी येतो, मोटर ठेवतो, दर ऐकतो आणि "राहू द्या, दुसरीकडं बघतो" म्हणून उचलून नेतो. तार कापलेली असली की नेता येत नाही. आणि जुनं तांबं दुकानाचं, हे तर सगळीकडे ठरलेलं. दुसरं असं, की जळण्याआधी चांगली चाललेली कॉइल असेल तर कापायच्या आधी तिचे वेढे मोजून वहीत लिहून ठेवतात, म्हणजे तशीच परत भरता येते. त्याला ते डाटा म्हणतात. मुळातच खराब भरलेल्या कॉइलचा डाटा ठेवत नाहीत. खराबच परत कशाला भरायची?

मी खुर्चीत बसत बसत म्हणत होते, "सावळाराम, ही अशीच राहू द्या, दुसऱ्या चौकटीवर नवी करा." हे माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कट्ट असा आवाज आला. त्याने कटर चालवला होता. तार चुंबकावरून पिसासारखी मोकळी झाली. त्याने ती दोन बोटांनी उपसली आणि खालच्या पत्र्याच्या डब्यात टाकली. तिथे काळ्या पडलेल्या तांब्याचा ढीग होता, त्यात ती कुठे पडली तेही दिसलं नाही.

"काय म्हनला बाई?"

"काही नाही," मी म्हटलं.

लीलाबाई चहा घेऊन आली. चुंबक रिकामं बघून थबकली. "आवो, ती म्या केल्याली व्हती."

"साहेबांना पसंत न्हाय पडली."

"मोजली तरी का?"

"खराब मालाचा डाटा कोन ठेवतंय? जुनं काढल्याबिगर नवं कुठं घालनार?"

त्याच्या दृष्टीने बरोबर होतं. मोटरला पोट एकच असतं. श्रीपादने चहा पिऊन कप खाली ठेवला आणि आठव्या कॉइलचे वेढे किती ठेवायचे ते तो सावळारामला सांगू लागला. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

आठवी त्याला आवडली. "आता ठोका येतोय!" पोरासारखा खूश झाला. मला त्या आवाजाने दात शिवशिवल्यासारखे झाले. आसावरी आतल्या खोलीत जाऊन बसायची. पण ऑगस्टपर्यंत आता कुणी त्याला काही सांगायचं नाही, असं तिने मला बजावलं. "त्यांना आनंद आहे ना वन्सं, मग राहू दे."

मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही भलत्या वेळी.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला होता. शंभरेक माणसं असतील. कुणी किशोरची गाणी म्हटली, कुणी कॅसिओवर लावणी वाजवली. श्रीपाद इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा राहिला. त्याने माइकवर सांगितलं, "सेहेचाळीस वर्षांपूर्वी इंदापूरला मी एक आवाज ऐकला. आज तो तुम्हाला ऐकवतो." आणि वाजवायला लागला.

स्टीलच्या ताटलीवर चमचा घासावा तसा आवाज आला. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलीने कानांवर हात घेतले, तिच्या आईने ते खाली ओढले. 'नीरा-तरंग'चा जुना ढोलकीवाला बुटांकडे बघत बसला. साउंडवाला बाजूने हात खालीवर करत होता, म्हणजे ट्रेबल, आवाजाची धार, कमी करा. श्रीपादला वाटलं तो वाढवा म्हणतोय. त्याने गिटारवरचं बटण आणखी फिरवलं. शेवटी साउंडवाल्याने आपल्याकडची पट्टी खाली ओढली. गिटार जवळजवळ नाहीशी झाली. बोटं मात्र हलत होती. तो पुरतं वाजवून थांबला, आणि लोकांनी सुटल्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

खाली येऊन त्याने मला विचारलं, "कसा होता?"

"ताटलीवर चमचा," मी म्हटलं.

तो गिटारची वायर गुंडाळू लागला. मला वाटलं, नेहमीसारखं मनावर घेतलं नसेल. पण मिल हाऊसमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला तोंडं वाचता येतात. वाजवताना त्याने सगळ्यांची तोंडं वाचली होती. माझ्याकडून फक्त खात्री करून घेतली.

सप्टेंबरमध्ये तो एकटाच कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. आलेख घेऊन माझ्याकडे आला आणि तो टेबलावर पसरला. रेघ सरळ चालत येत होती आणि एका ठिकाणी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती.

"तू म्हणालीस तेच आहे ताई."

मला क्षणभर बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

"त्यांनी विचारलं, किती वर्षं आवाजात काम केलं," तो म्हणाला. "मी म्हटलं एकतीस हंगाम. म्हणाले, कानात काही घालत नव्हता? मी काय सांगणार? बोळे अजून कपाटात आहेत. पाकिटं फोडलेली नाहीत."

कानाला यंत्रं लागली. पहिल्या दिवशी त्याला कुकरची शिट्टी ऐकून घाम फुटला. बेल ऐकू आली, चिमण्या ऐकू आल्या, आसावरीची खालच्या आवाजातली कुरबुर ऐकू आली. "एवढं बोलतेस तू?" त्याने विचारलं. "चाळीस वर्षं बोलतेय," ती म्हणाली. गिटार लावली तेव्हा त्याने अर्ध्या मिनिटात भोंगा बंद केला आणि आठवी कॉइल स्वतःच्या हाताने काढून टाकली.

अबोली दसऱ्याला आली. ही यंत्रं फोनला जोडता येतात, आवाज थेट कानात येतो, हे तिने जोडून दाखवलं. दाखवता दाखवता मे महिन्यातलं रेकॉर्डिंग लावलं. मी समोर होते. श्रीपाद ताठ झाला. त्याने हात वर केला, कुणी बोलू नये म्हणून. संपल्यावर त्याचे डोळे भरले होते.

"हा तोच. हाच तो इंदापूरचा. कुठे मिळाला गं तुला? कुणी जपून ठेवलं होतं?"

अबोलीने माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

"आजोबा, हे तुम्हीच आहात," ती म्हणाली. "मेमधलं. तुम्ही ते खराब आहे म्हणालात ना, ते."

त्याने परत लावायला सांगितलं. मग परत. सहा-सात वेळा झाल्यावर अबोली म्हणाली, "आजोबा, बास ना." शेवटी शेवटी रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज येतो, "श्रीपाद, हाच तो", आणि त्याचा, "कुठला हाच?" तेवढं ऐकू आलं की तो पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही कळसला गेलो. सावळारामने डबा पुढे ओढला; तांबं दर पंधरवड्याला भंगारवाला नेतो, हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. तरी श्रीपाद वाकून बघत राहिला.

"साहेब, तुमीच म्हनला खराब हाय."

"हो. मीच म्हणालो."

"न्हायतर मोजली असती. आईशप्पत मोजली असती."

"तुमचा दोष नाही, सावळारामराव."

लीलाबाईने पुन्हा बसून केल्या. नववी, दहावी, अकरावी. दरवेळी म्हणायची, "हात त्योच हाय साहेब, पन त्या दिशी कसा पडला ते हातालाच ठावं न्हाय." तिने मनापासून केलं. बाजार चुकवून केलं.

पण आता नवीच अडचण. श्रीपादला त्या कॉइली पारखता येईनात. यंत्र काढलं तर ठोका नाही. यंत्र घातलं तर लांबलेला सूर त्या यंत्राला शिट्टी वाटते आणि ते तो दाबून टाकतं. ही यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी असतात, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. फोनवर रेकॉर्ड करून ऐकावं, तर नेहमी काहीतरी कमी वाटायचं. ते कॉइलमध्ये कमी आहे की कानात, हे त्याला सांगता येईना. चाळीस वर्षं तो आवाज शोधत होता तेव्हा निदान सापडला तर कळेल एवढी खात्री होती.

त्याने सावळारामला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"हाच हाय साहेब. एकदम हाच." सावळारामने तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. मेमध्येही तो तिथे नव्हता.

अकरावी कॉइल बसवून नोव्हेंबरमध्ये श्रीपादने मला बोलावून घेतलं. समोर खुर्ची ठेवली होती. आसावरी दारात उभी होती. त्याने कानांत यंत्रं नीट बसवली, म्हणाला, "ताई, तिथे तूच होतीस. मला आता कळत नाही. तू सांग."

त्याने वाजवलं. मी डोळे मिटून ऐकलं. चांगली कॉइल होती. जाडी होती, ठोकाही होता. इतर कुणाला वेगळं काही वाटलं नसतं. पण ठोका आणि गाभा दोन वेगळ्या ठिकाणांहून येत होते, आणि विरताना आवाज निवळण्याऐवजी नुसता संपत होता.

"हा का?"

आसावरी दारातून माझ्याकडे बघत होती. तिला काय हवंय ते मला कळत होतं. हो म्हटलं असतं तर तो माणूस उरलेली वर्षं रोज संध्याकाळी ती गिटार वाजवत बसला असता.

पण मे महिन्यात मी खरं सांगितलं आणि त्याने मानलं नाही. आता तो माझ्याच कानांनी ऐकत होता. तिथे खोटं घालायचं?

"नाही," मी म्हटलं.

"किती लांब आहे?"

"लांब आहे."

त्याने मान हलवली. मग एकेक खुंटी फिरवून सहाही तारा सैल केल्या, गिटार पेटीत ठेवली, आणि कडी लावली. भांडला नाही, मला दोष दिला नाही. "बरं झालं सांगितलंस," म्हणाला आणि अंगणात जाऊन बसला. तेव्हापासून ती पेटी उघडलेली नाही. सावळारामचा फोन येतो, बारावी करून बघू म्हणतो. श्रीपाद त्याला पिकाची, पाण्याची विचारपूस करतो आणि फोन ठेवतो.

मी निघाले तेव्हा आसावरी फाटकापर्यंत आली.

"वन्सं, मेमध्ये हे जरा प्रेमानं सांगितलं असतंत, तर त्यांनी ती कापू दिली नसती."

मी चपला घातल्या. तिचं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं असतं ते मला कुणी शिकवलेलं नाही. मी फाटक लावून घेतलं आणि घरी आले.